बाळंतिणीची साक्ष

शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा आम्ही प्रथम वाचली ती कायद्याचे विद्यार्थी असताना, आणि त्या वेळी ती आम्हांस भुताची गोष्ट वाटली. गावाबाहेरचा जुना वाडा, माडीवरची खोली, भिंतीवरच्या कागदामागे हालचाल करणारी बाई. एवढी सामग्री पुढे असता विशीतल्या वाचकाने दुसरा कोणता अर्थ काढावा? पुढे वीसएक वर्षांनी, वकिलीतील एका प्रकरणामुळे मन अस्वस्थ असताना, ती पुन्हा हाती घेतली. या वेळी भूत कोठेच आढळले नाही. आढळली ती एक बाळंतीण आणि तिची मनापासून काळजी वाहणारी तिची माणसे. कथा अशी पालटावी याचे कारण कथेत किती आणि आमच्यात किती, याचा हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कथा १८९२ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा सांगाडा थोडक्यात असा. एका सुशिक्षित स्त्रीला मूल होऊन फार दिवस झालेले नाहीत. ती खिन्न असते, तिला कारणावाचून रडू येते, बाळाजवळ तिला बसवत नाही. नवरा जॉन डॉक्टर. तिचा भाऊही डॉक्टर. दोघांचे मत एकच: विशेष काही नाही, मज्जातंतूंचा किरकोळ अशक्तपणा आहे, विश्रांती घेतली की जाईल. म्हणून उन्हाळ्याचे तीन महिने एक वाडा भाड्याने घेतला जातो. तिला खालच्या मजल्यावरची, ओसरीकडे उघडणारी खोली हवी असते. जॉन माडीवरची मोठी, हवेशीर खोली पसंत करतो. ती पूर्वी मुलांची खोली असावी असा तिचा समज होतो, कारण खिडक्यांना गज आहेत. भिंतींत कड्या आहेत, पलंग जमिनीला खिळलेला आहे, आणि भिंतीवर मळकट पिवळ्या रंगाचा, ठिकठिकाणी फाटलेला नक्षीचा कागद आहे. काम करावयाचे नाही, लिहावयाचे नाही, स्वतःच्या प्रकृतीचा विचारही करावयाचा नाही, अशी पथ्ये आहेत. घर जॉनची बहीण पाहते. बाळाला मेरी नावाची बाई सांभाळते. आमची नायिका चोरून लिहिते आणि दिवसेंदिवस त्या कागदाकडे पाहत राहते. हळूहळू तिला नक्षीमागे एक बाई दिसू लागते, ती गज धरून हलवावेत तशी नक्षी हलवीत असते. अखेरच्या दिवशी नायिका तो कागद ओरबाडून काढते आणि भिंतीला खांदा लावून खोलीभर रांगत फिरते. दार उघडून आत आलेला जॉन ते पाहून मूर्च्छित पडतो. तो वाटेत पडला म्हणून ती दर फेरीस त्याच्या अंगावरून रांगत जाते.

रांगणे हे क्रियापद मराठीत आपण बहुतेक बाळासाठीच राखून ठेवले आहे. ज्या घरात थोड्याच महिन्यांनी बाळाने रांगावयाचे, तेथे त्याची आईच रांगू लागते. मूळ इंग्रजी वाचताना जे आमच्या नजरेतून निसटले होते, ते मनातल्या मनात मराठी करून पाहताना अंगावर आले.

या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७३ साली न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसने ती स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने पुन्हा छापल्यापासून स्त्रीवादी समीक्षेचा ती जणू पाठ्यग्रंथच होऊन बसली आहे, आणि त्या समीक्षेत जॉनला खलनायक ठरविणे फार सोपे होऊन गेले आहे. आम्हांस ते पटत नाही. जॉन दुष्ट नाही. तो तिला उचलून माडीवर नेतो, अंथरुणावर निजवितो, जवळ बसून वाचून दाखवितो, लाडाच्या नावांनी हाक मारतो. त्याचे प्रेम खरे आहे आणि कथेची सारी भीषणता त्या खरेपणातच साठविलेली आहे. दुष्ट नवऱ्याची गोष्ट कोणीही लिहू शकेल. प्रेमळ माणसाच्या हातून, प्रेमाच्याच भरात, दुसऱ्याचे तोंड कसे मिटले जाते हे दाखविणे अवघड.

कथेच्या मध्यावर रात्रीचा एक प्रसंग आहे. ती कागद चाचपण्यासाठी उठते, जॉन जागा होतो, काय झाले म्हणून विचारतो. ती धीर करून सांगते की, येथून आपण जाऊ या. तो समजावितो: भाड्याची मुदत तीनच आठवडे उरली आहे, घरची दुरुस्ती व्हावयाची आहे, शिवाय तुझ्या अंगावर मांस चढले आहे, चेहऱ्यावर रंग आला आहे, मी डॉक्टर आहे, मला कळते. शरीराने सुधारले असेन कदाचित, एवढेच ती म्हणू लागते आणि त्याच्या नजरेकडे पाहताच थांबते. पुढचा शब्द तिच्या तोंडून निघत नाही.

न्यायालयात ज्याने थोडे दिवस घालविले आहेत त्याला हा प्रसंग ओळखीचा वाटल्याखेरीज राहणार नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, उत्तर देऊ लागतो, आणि समोरून कोणी नुसते पाहिले की गप्प होतो. जबाबात मग नोंद होते की साक्षीदाराने अधिक काही सांगितले नाही. दुसऱ्या पक्षाचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले सूत्र आम्ही पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ केले होते. जॉनच्या घरात तोच न्यायाधीश आहे, तोच तज्ज्ञ साक्षीदार आहे आणि तिच्या वतीने बोलणारा वकीलही तोच आहे. कथेतील चोरटी टिपणे ही म्हणूनच निव्वळ रोजनिशी राहत नाहीत. जिला कोणी साक्षीला बोलाविलेच नाही तिने स्वतःच लिहून ठेवलेला तो जबाब आहे. कथेचे सर्व सामर्थ्य या रूपबंधात आहे, असे आमचे मत आहे. हीच हकीकत जॉनने सांगितली असती तर ती एका रोग्याची नोंद झाली असती. त्रयस्थ निवेदकाने सांगितली असती तर करुण कथा झाली असती. तिच्याच तोंडून ऐकताना आपण हळूहळू अशा अवस्थेस येतो की तिच्या बोलण्यातील खरे किती आणि भास किती हे ठरविणे कठीण होते, आणि तरीही तिचेच खरे वाटत राहते. जॉनचे प्रत्येक वाक्य शहाणपणाचे आहे आणि प्रत्येक वाक्य चुकीचे आहे.

लेखिकेच्या चरित्राचा येथे थोडा उल्लेख करणे भाग आहे. तिचा जन्म १८६० चा. १८८४ मध्ये वॉल्टर स्टेट्सन या चित्रकाराशी तिचा विवाह झाला, १८८५ च्या मार्चमध्ये मुलगी झाली, आणि त्यानंतर तिला अशा खिन्नतेने ग्रासले की १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे ख्यातनाम डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्याकडे तिला जावे लागले. मिचेल यांचा ‘विश्रांतीचा उपचार’ त्या काळी प्रसिद्ध होता: कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहावयाचे, दूधदुभते भरपूर घ्यावयाचे, अंगमर्दन करून घ्यावयाचे, आप्तेष्टांपासून दूर राहावयाचे, वाचन-लेखन बंद. घरी पाठविताना त्यांनी तिला बजावले की शक्य तितके संसारात राहावे, बौद्धिक काम दिवसाकाठी दोन तासांपलीकडे करू नये आणि लेखणी वा कुंचला जन्मात हाती धरू नये. सुमारे तीन महिने तिने हे पाळले आणि वेडाच्या काठाशी येऊन पोहोचली. मग पथ्य झुगारून ती कामाला लागली आणि सावरली. हे सर्व तिनेच १९१३ साली ‘फोररनर’ या आपल्या मासिकात लिहून ठेवले आहे. कथा वाचून मिचेल यांनी आपली उपचारपद्धती बदलल्याचे कानी आले, असेही ती तेथे म्हणते. मात्र त्याला स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही. ऐकीव पुरावा आम्ही न्यायालयात ग्राह्य धरीत नाही, साहित्याच्या दरबारातही धरू नये.

मिचेल अज्ञानी होते, असे कोणी समजू नये. गरोदर, बाळंत आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच वैद्याने १८५८ मध्येच एक संपूर्ण ग्रंथ लिहिला होता. ज्ञान उपलब्ध होते. रुग्ण काय म्हणते ते ऐकून घेण्याची रीत मात्र नव्हती.

आता कथेवरील आमचे आक्षेप. पहिला असा की गिलमनने सारा दोष उपचारावर लोटला आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी जो आजार होता, ज्यापायी आईला आपल्या बाळाजवळ बसवत नव्हते, त्याच्याकडे लेखिकेने जवळजवळ पाठ फिरविली आहे. बाळ कथेत दोन-तीन ठिकाणी डोकावते, त्याला नाव नाही. लेखिकेला तो विषय सोसला नसावा. पण वाचकाच्या मनात त्यामुळे असा ग्रह होतो की नवरा आणि डॉक्टर दूर झाले असते तर आजारच उरला नसता. वस्तुस्थिती तशी नाही. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात कित्येकींना रडू येते, मन हळवे होते, आणि पंधरवड्याच्या आत ते आपोआप निवळते. ज्यांचे निवळत नाही त्यांना विषण्णतेचा विकार जडतो. झोप, भूक, उमेद, बाळाविषयीची माया, सर्वांवर त्याची सावली पडते आणि तो महिनोन्‌महिने राहू शकतो. तिसरा प्रकार उन्मादाचा, हजारात एकदोघींना होणारा, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत अकस्मात उद्भवणारा. त्यात भास होतात, संशय येतो, आई व मूल दोघांच्याही जिवाला धोका असतो आणि तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते. हे तिन्ही निरनिराळे आहेत आणि तिन्हींवर इलाज आहे. गिलमनच्या कथेत ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. कलाकृती म्हणून त्यात उणेपणा नाही. पण कथेवरून कोणी निदान करू नये.

दुसरा आक्षेप आमच्या मते अधिक गंभीर आहे. मेरीला या कथेत तोंडच नाही. बाळाला सांभाळणारी ही बाई कोण, तिचे स्वतःचे मूल कोठे आहे, बाळंत झाल्यावर कितव्या दिवशी ती कामावर आली, याचा विचार लेखिकेच्या मनात आलेला दिसत नाही. विश्रांती ही शिक्षा वाटणे हे ज्यांना विश्रांती मिळते त्यांचेच दुःख आहे. ही गोष्ट आपल्याकडे आणल्यावर फार खटकते, आणि म्हणून आता आपल्याच घरात डोकावले पाहिजे.

दूध-लोणी, अंगमर्दन, अंथरूण, वाचन बंद, हे वर वाचताना आमच्या वाचकभगिनींना काही ओळखीचे वाटले असेल तर नवल नाही. आपल्या बाळंतिणीची खोलीही थोडीफार अशीच. दारे-खिडक्या लावलेल्या, कानाला फडके, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे व अळिवाचे लाडू, सव्वा महिना बाहेर पाऊल नाही. पण एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. मिचेलच्या रुग्णाला माणसे वर्ज्य होती. आपली बाळंतीण पहिल्या खेपेला माहेरी असते, आई उशाशी, मालिश करणारी बाई पायाशी, शेजारणी येऊन-जाऊन. या गजबजाटाने कित्येकींना सावरले असेल, यात शंका नाही. ज्यांनी हे सर्व ‘जुनाट’ म्हणून मोडीत काढले आणि शहरातील तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नातीला एकटी टाकली, त्यांनी फार शहाणपण केले असे आम्हांस वाटत नाही.

तथापि गजबजाटातही माणूस गप्प राहू शकतो. आपला डोहाळे हा शब्द पाहा. तो संस्कृत दौहृदापासून आला, दोन हृदयांची म्हणून गर्भिणी दौहृदिनी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे की तिच्या इच्छा पुरवाव्यात, न पुरविल्यास गर्भात व्यंग उत्पन्न होते. वैद्यकाने स्त्रीच्या मनाला इतक्या प्राचीन काळी स्थान द्यावे ही अभिमानाची गोष्ट आहे. पण वकिलाच्या सवयीने कारणाचे कलम वाचले की दिसते, इच्छा पुरवावयाच्या त्या गर्भासाठी. आणि व्यवहारही त्याला धरूनच चालतो. पोटात मूल आहे तोवर घरातील लहानथोर विचारतात, काय खावेसे वाटते, कोठे जावेसे वाटते; डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते. मूल बाहेर आले की हृदय पुन्हा एकच उरते, आणि त्या एका हृदयाला काय हवे ते विचारण्यासाठी आपल्या भाषेत शब्द नाही. तिला विचारले जाते ते एवढेच की दूध पुरते का, बाळ झोपले का. बाळंतिणीचे रडणे थांबेना तर वारे लागले म्हणतात, दृष्ट काढतात, बाहेरचे काही असेल म्हणून कौल लावतात. देवाला कौल लावण्यास आमची हरकत नाही; आमच्याही घरी लागतात. पण पाकळी उजवी पडो वा डावी, त्या वेळी प्रश्न देवाला विचारला जातो, तिला नाही.

हे केवळ आमचे अनुमान नव्हे. जेथे तिला विचारले गेले तेथे काय उत्तर आले याची नोंद आहे, आणि ती अमेरिकेतील नसून गोमंतकातील आहे. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स व नंदिता डिसोझा यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीत आलेल्या गर्भवतींशी बोलून, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांच्या भेटी घेऊन एक अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांच्या भेटीत ५९ माता, म्हणजे शंभरात तेवीस, विषण्णतेच्या विकाराने पीडित आढळल्या. त्यांपैकी शंभरात अठ्ठ्याहत्तर जणींना गरोदरपणीच मानसिक त्रास होता, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. म्हणजे डोहाळजेवणाच्या पंक्तीत हिरवी साडी नेसून बसलेली असतानाच तिचा आजार सुरू झालेला असतो आणि पाळण्याचे गाणे म्हटले जात असताना तो चालूच असतो.

या विकाराशी कोणत्या गोष्टी जोडलेल्या आढळल्या ते पाहण्यासारखे आहे: गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, आणि जन्मलेले मूल मुलगा की मुलगी ही बाब. मुलगी झाली असता मारहाण व उपासमार यांचा परिणाम निराळा दिसला. गिलमनच्या नायिकेला हवेशीर खोलीचा जाच होता. आमच्या भगिनींपैकी कित्येकींना भाकरीचा आणि हाताचा आहे. त्यांना काम बंद करावयास कोणी सांगत नाही. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची प्रसूतिरजा मिळते. काजूच्या कारखान्यात वा परक्याच्या शेतात रोजंदारीवर जाणारीच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही. लिहा-वाचा, कामाला लागा, म्हणजे बरे वाटेल, हा गिलमनचा निष्कर्ष तिच्यापुढे ठेवणे ही क्रूर थट्टा ठरेल. कथेतून आपल्या कामाचे ते एवढेच: तिला कोणी विचारले नाही. त्याच गोमंतकातील मातांच्या मुलाखतींवर आधारलेला आणखी एक लेख २००३ मध्ये निघाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘मातांचे ऐकताना’ असा आहे. आम्हांस ते शीर्षक फार आवडले.

आरंभी ज्या प्रकरणाचा उल्लेख केला, ते आता सांगतो. एक गृहस्थ आपल्या मुलासह आमच्याकडे घटस्फोटाचे कागद करावयास आले. बरोबर एक वही होती. सुनेच्या वागणुकीची तारीखवार नोंद त्यांनी सुवाच्य अक्षरात केली होती: अमुक दिवशी बाळ रडत असता उचलले नाही, अमुक दिवशी बारशाला उठून बसली नाही, अमुक दिवशी आरती चालू असता रडू लागली, अमुक रात्री आपण मेलेले बरे असे म्हणाली. पहिली नोंद प्रसूतीच्या अकराव्या दिवसाची होती आणि शेवटची चौथ्या महिन्यातील. माणूस कोर्टबाजीचा शौकीन नव्हता. दुखावलेला होता, नातवाची त्याला खरी काळजी होती. वही वाचून आम्हांस वाटले, पुरावा उत्तम आहे. आम्ही नोटीस लिहिली. तिला याविषयी कोणी काही विचारले का, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी केला नाही. तो आमच्या मनातच आला नाही. जॉनला खलनायक म्हणण्यास आम्ही का कचरतो, याचे एक कारण वाचकांच्या आता ध्यानात आले असेल.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? गोव्यात कौटुंबिक संबंधांस पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे. पण आमच्या बेळगावकडे, तसेच इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील हिंदू वाचकांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू पडतो. त्याच्या कलम १३ मध्ये जोडीदाराचा मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. मात्र १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामनारायण गुप्ता यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की आजाराचे नुसते नाव सांगून भागत नाही. सहजीवन अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे. जो विकार बहुतेक वेळा उपचाराने बरा होतो, तो चौथ्या महिन्यातच कायमचा ठरवून नोटीस धाडणे हे त्या निर्णयाशी सुसंगत नाही. हे आम्ही आज लिहितो. त्या दिवशीही आम्हांस ते ठाऊक होते.

फौजदारी बाजू याहून खडतर आहे. इंग्लंडने १९२२ मध्ये आणि पुढे १९३८ मध्ये कायदा करून असे मान्य केले की बाळंतपणाच्या परिणामांतून पुरती न सावरलेल्या, मनाचा तोल ढळलेल्या आईने आपले बारा महिन्यांच्या आतील मूल मारले तर तो खून न मानता हलक्या दर्जाचा गुन्हा मानावा. आपल्याकडे असे स्वतंत्र कलम नाही. जुन्या दंडसंहितेचे कलम ८४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले आहे, तेवढाच आधार. आणि कृत्याचे स्वरूप वा त्याचा गैरपणा समजण्याची शक्ती त्या क्षणी नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार आरोपी स्त्रीवरच. इंग्लंडचा कायदा आदर्श आहे असे आमचे म्हणणे नाही. तोही तिचे ऐकतो ते ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर, म्हणजे बाळ गेल्यावर.

त्या मानाने मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील एक तरतूद आम्हांस विशेष मोलाची वाटते, आणि ती जितकी ठाऊक असावयास हवी तितकी नाही. मनोरुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांच्या आतील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करावयाचे नाही, असे कलम २१ सांगते. बाळाला धोका असल्याचे मानसोपचारतज्ज्ञाचे मत झाले तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते. तेव्हाही देखरेखीखाली भेट चालू ठेवावयाची, दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावयाचा, आणि तीस दिवसांपलीकडे जावयाचे तर वरच्या प्राधिकरणाची मंजुरी घ्यावयाची. बंगळूरच्या ‘निमहान्स’मध्ये २००९ पासून माता व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. असा विभाग प्रत्येक जिल्ह्यात उघडणे आज शक्य दिसत नाही, आणि बहुसंख्य स्त्रियांना त्याची गरजही नाही.

त्यांना गरज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती स्वस्त आहे. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, एडिंबरोच्या नावाने ती ओळखली जाते; बाळंतीण पाचदहा मिनिटांत तिची उत्तरे देऊ शकते. उत्तरांवरून निदान होत नाही, पण कोणाला डॉक्टरकडे न्यावे हे कळते. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविकांना शिकवून आजारी मातांशी नेमाने बोलण्याचे काम दिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सहा महिन्यांनंतर, ज्यांच्याशी असे बोलले गेले त्यांपैकी शंभरात तेवीस आजारी उरल्या. इतरांत शंभरात त्रेपन्न. त्याच धर्तीवर पुढे गोव्यातही साध्या घरच्या बायकांना शिकवून, ‘सखी’ हे नाव देऊन, काम झाले. गोव्यातील परिणाम रावळपिंडीइतका ठळक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तरी त्या गटात बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक होते. आज आपल्याकडे रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी आशा कार्यकर्ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा येते. ती येते नवजात बालकासाठी. तिच्या हाती आणखी दहा प्रश्न देण्यास काय अडचण आहे, हे आम्हांस उमगत नाही.

आणि देवळाचे काय? सव्वा महिना झाला की आमच्याकडची कित्येक कुटुंबे बाळाला घेऊन गोमंतकात कुलदैवताच्या दर्शनाला जातात, कोणी मंगेशीला, कोणी कवळ्याला, कोणी म्हार्दोळला. बाळंतीण त्या दिवशी प्रथमच उजेडात येते. बाळाला देवापुढे ठेवतात, सर्वांचे डोळे बाळाकडे असतात. अग्रशाळेत दुपारी पंक्ती उठल्यावर बायका जेथे कलंडतात, तेथे शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या मावशीने तिला जवळ घेऊन विचारावे, तुला झोप लागते का गं, मन कसे आहे तुझे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. थांबणे महत्त्वाचे आहे, कारण पहिले उत्तर ‘बरी आहे’ असेच येते.

आमच्या प्रकरणातील नोटिशीला उत्तर आले. तिच्या वकिलाने सोबत दवाखान्याचे सर्व कागद जोडले होते. गरोदरपणातील दर महिन्याचे वजन, रक्तदाब, रक्तातील लोह, सर्व रकाने भरलेले. बाळाचे लसीकरणाचे कार्डही होते, तेही पूर्ण. आम्ही एकेक कागद उलटून पाहिला. प्रसूतीनंतरच्या कागदांवर आईविषयीचा रकाना एकच होता, बाळ अंगावर पिते का. आणि त्यापुढे ‘होय’ असे लिहिले होते.